आकडा बघायचा की यादी वाचायची? पोरांचा पिक्चर ठरवण्याबद्दल थोडंसं

गेल्या महिन्याभरात तीन जणांनी तोच प्रश्न विचारला, म्हणून एकदाच लिहून मोकळा होतो. "पोरांना पिक्चर दाखवायच्या आधी तू कुठे चेक करतोस रे?" आमच्या घरात दोन नमुने आहेत, मुलगा तेरा पूर्ण आणि मुलगी आठ, आणि टीव्ही एकच. म्हणजे एकाला जे बाळबोध वाटतं त्याने दुसरीची झोप उडते. आठवीतला वर तोंड करून सांगतो "काही नाहीये त्यात बाबा", आणि तिसरीतली रात्री दोन वाजता आमच्या दोघांच्या मध्ये येऊन झोपते.

यू म्हणजे काय नि ए म्हणजे काय हे सांगत बसत नाही. एकच गोष्ट, कारण अजून बऱ्याच जणांना ते लक्षात आलेलं नाहीये. पूर्वी यूए म्हणजे एकच मोठा गठ्ठा होता, बारा वर्षांखालच्या मुलांनी आईबापाच्या सल्ल्याने बघावा असा. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या गठ्ठ्याचे तीन वाटे झाले, यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. ओटीटीवर हेच वाटे त्याच्याही आधी, २०२१ च्या नियमांपासून आहेत, आणि तिथे वरच्या कोपऱ्यात हिंसा, शिवीगाळ असं दोन शब्दांत कारणही येतं, जे चष्मा शोधेपर्यंत गेलेलं असतं.

तर माझ्या मते आपल्यापुढे रस्ते दोनच. एक, कुणीतरी ठरवून दिलेला वयाचा आकडा घ्यायचा. दोन, पिक्चरमध्ये नक्की काय काय आहे याची यादी वाचायची आणि आकडा आपला आपण ठरवायचा. मी पहिल्या रस्त्याने बरीच वर्षं गेलो, आता दुसऱ्याने जातो. दुसराच बरोबर असं माझं म्हणणं नाही, तुमची पोरं तुम्हाला माहिती.

आकडेवाल्यांमध्ये आपलं सेन्सॉर सर्टिफिकेट आलंच (सेन्सॉर बोर्ड हे नाव १९८३ मध्येच बदललं, पण आपल्या तोंडातून जायचं नाही ते), पण मी मुख्यतः वापरायचो कॉमन सेन्स मीडिया. अमेरिकेतली ना-नफा संस्था आहे, २००३ पासूनची. त्यांचे परीक्षक पिक्चर बघतात आणि ८+, १०+ असं सरळ वय लिहून देतात. वर गंमत म्हणजे शेजारी पालकांच्या मते वय किती आणि मुलांच्या मते किती हेही असतं, दोन्ही वेगळं. खाली हिंसा, भाषा, दारू-सिगरेट, अगदी पिक्चरमध्ये कुठल्या वस्तूंची जाहिरात घुसवलीये इथपर्यंत खातं उघडलेलं. आणि शेवटी पिक्चर बघून झाल्यावर मुलांशी काय बोलता येईल याचे प्रश्न. मुलं चार-पाच वर्षांची होती तेव्हा मला याच्यापेक्षा चांगलं काही मिळालं नाही हे प्रामाणिकपणे सांगतो. इंग्लिश अॅनिमेशनपट आणि लहान पोरं एवढंच तुमचं गणित असेल तर इथेच थांबा, पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

यादीवाल्यांमध्ये आयएमडीबीचं (पिक्चरची सगळी माहिती देणारी साईट) पॅरेंट्स गाईड. पिक्चरच्या पानावर खाली कुठेतरी दडलेलं असतं, निम्म्या लोकांना ते आहे हेच माहिती नसतं. पाच खाती: सेक्स आणि नग्नता, हिंसा आणि रक्त, शिव्या, दारू-ड्रग्ज-सिगरेट, आणि भीतिदायक किंवा फार तणावाचे सीन. प्रत्येक खात्याला लोक मतं देतात, अजिबात नाही पासून तीव्र पर्यंत, आणि खाली एकेक सीन लिहिलेला. लिहिणारे तुमच्याआमच्यासारखेच, त्यामुळे कुणी एका ओळीत उरकतो तर कुणी पोलिसांच्या पंचनाम्यासारखं लिहितो. एक माणूस दुसऱ्याला जिन्यावरून ढकलतो, डोकं आपटल्याचा आवाज येतो, रक्त दिसत नाही. वाचायला जाम कोरडं लागतं. पण मला नेमकं तेच हवं असतं हे नंतर कळलं.

आता मूळ मुद्दा, ज्याच्यामुळे मी रस्ता बदलला.

आकड्याचा त्रास असा की तो पोरांनाही वाचता येतो. आमचे चिरंजीव बारा वर्षांचे झाले त्या आठवड्यात एक पिक्चर बघायचा म्हणून मागे लागले. मी म्हटलं अरे थांब, आधी बघू दे मला. तोवर याने स्वतःच बघून ठेवलेलं. "बाबा, तिथे १२+ लिहिलंय. मी बारा पूर्ण आहे." झालं. आता याच्यावर बाप काय बोलणार? जे मी इतकी वर्षं त्याला 'हे बघ, इथे १०+ लिहिलंय, तू आठचा आहेस' असं दाखवत आलो, तेच त्याने माझ्यावर उलटवलं. आकडा म्हणजे घरातला कायदाच झाला होता आणि तो मीच करून ठेवलेला.

बरं, कायदा तर कायदा, तोही सरळ नाही. काही महिन्यांनी थिएटरला एक यूए १६+ आला, वर्गातल्या निम्म्यांनी म्हणे बघितलेला. मी आकड्यावर बोट ठेवलं. तर हा म्हणतो, "यूए म्हणजे फक्त सल्ला असतो बाबा, ठरवायचं आईवडिलांनी, थिएटरवाले नाही अडवत." आणि च्यायला खरं आहे ते! कायद्यात तसंच आहे, यूएच्या पुढचं वय हे पालकांना मार्गदर्शन म्हणून आहे, दारावर अडवतात ते फक्त ए ला, अठराच्या आतल्यांना. म्हणजे आकडा याच्या वयाच्या खाली असला की तो कायदा, आणि वर असला की सल्ला. मी बायकोला म्हटलं याला लॉ कॉलेजला घाला, ती म्हणाली गेलाय कुणावर.

हे विनोदी वाटेल पण दर शुक्रवारी संध्याकाळी हीच झटापट व्हायला लागली, आणि त्यात पिक्चरबद्दल एक शब्द नसायचा. त्यात काय आहे, का नको, मला कशाची काळजी वाटते, काहीच नाही. नुसता आकडा, कॅरम बोर्डावर क्वीनवरून भांडावं तसं. कॉमन सेन्सवर खाली सविस्तर लिहिलेलं असतं हे मान्य, अगदी नीट लिहिलेलं असतं, पण वर एवढा मोठा आकडा दिसल्यावर खाली जातंय कोण. निदान आमच्या घरी तरी कुणी जात नव्हतं, मीसुद्धा.

यादीच्या बाबतीत हे होत नाही, कारण यादीत भांडायला काही सापडतच नाही. आता आम्ही जेवणं झाल्यावर फोन मध्ये ठेवतो आणि दोघं मिळून वाचतो, तो मराठीत सांगतो, मी हं हं करतो. पहिल्या वेळी त्याला वाटलं सगळं वाचून मी नाहीच म्हणणार. मी म्हटलं तूच सांग. तर त्याने दोन-तीन सीन वाचले, एक जरा जास्तच होता, छळाचा, आणि थोडं थांबून म्हणाला, "हा बघू, पण छोटी झोपल्यावर. आणि हा एक सीन पुढे ढकलू." मी काही बोललो नाही, रिमोट त्याच्याकडे दिला. एका घरच्या अनुभवावरून शास्त्र मांडू नये हे मला कळतं. पण बारा-तेराच्या पुढचं पोर असेल तर एकदा करून बघाच.

छोटीचा प्रश्न वेगळाच निघाला. तिला मारामारीचं काही नाही, राक्षस-बिक्षस आले तर हसते. एकदा मी नुसता यू बघून, एक ओळही न वाचता तिला थिएटरला घेऊन गेलो. पिक्चरमधल्या मुलीचे बाबा इंटरव्हलच्या आधी जातात. रक्त नाही, आरडाओरडा नाही, नुसती रिकामी खुर्ची दाखवलीये. उरलेला पिक्चर आम्ही दोघांनी बाहेर लॉबीत काढला, पॉपकॉर्नचा डबा मांडीवर, आणि ती मला दर पाच मिनिटांनी विचारतेय की तुमचं बीपी किती आहे. चूक माझीच होती, सर्टिफिकेटने काही खोटं सांगितलेलं नव्हतं. यू बरोबरच होता. पण आकडा सांगतो 'किती', आणि मला हवं होतं 'काय'.

आणि हे काही आपल्याकडचंच नाही. १९९४ चा लायन किंग घ्या, अमेरिकेत जी, ब्रिटनमध्ये यू, म्हणजे दोन्हीकडे सगळ्यात सौम्य शिक्का, आणि त्यात पिल्लाच्या डोळ्यांदेखत बाप मरतो. फाइंडिंग नीमोत तर सुरुवातीलाच आई जाते. ब्रिटनमध्ये वॉटरशिप डाऊन नावाच्या सशांच्या कार्टूनपटाला १९७८ मध्ये यू मिळाला होता, आणि त्या सशांनी पोरांच्या दोन पिढ्या घाबरवल्यावर चारेक दशकांनी त्याचा पीजी, म्हणजे आईबापाच्या सल्ल्याने बघावा असा, केला. आपण तरी वेगळं काय केलं म्हणा. आमच्या शाळेत साने गुरुजी जयंतीला श्यामची आई दाखवायचे, अत्र्यांचा, १९५३ चा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला. दोनशे पोरं हॉलमध्ये मुसमुसतायत आणि बाई पदराने डोळे पुसतायत. त्याला कुठल्या वयाचा आकडा लावणार? मी तर म्हणतो लावूही नये. पण ज्याची आई तेव्हा आजारी होती अशा एका मित्राला त्या दिवशी घरी सोडायला मी गेलो होतो, ते विसरलेलो नाही.

यादीत दोष नाहीत असं समजू नका हां. पहिला म्हणजे पिक्चरची वाट लागते, शेवट आधीच कळतो. स्पॉयलर वेगळे ठेवायची सोय आहे, पण लिहिणाऱ्याने ते पाळायला हवं ना. दुसरा, सौम्य-मध्यम ही मतं कोण देतं देव जाणे, हिरोचे फॅन सगळ्याला सौम्य ठोकून जातात असा आपला माझा संशय, म्हणून मी ती मतं बघतच नाही, फक्त खालचं वाचतो. आणि तिसरा सगळ्यात मोठा: मराठी पिक्चरच्या पानावर बहुतेक वेळा शुकशुकाट. हिंदीचंही मोठे सोडले तर यथातथाच.

हिंदीसाठी एक जुगाड सापडलाय, तो सांगून ठेवतो. जे हिंदी पिक्चर ब्रिटनमध्ये थिएटरला लागतात त्यांना तिथल्या बीबीएफसीचं, म्हणजे त्यांच्या सेन्सॉर बोर्डाचं, सर्टिफिकेट घ्यावं लागतं, आणि बीबीएफसी आपल्या साईटवर का दिलं ते परिच्छेदभर लिहिते. फुकट. हिंसा कशी आहे, धमकी कुणाला, शिवी कितपत, आणि भेदभाव असंही एक खातं असतं, जे मला फार कामाचं वाटतं. १९६४ चा मेरी पॉपिन्स याच कारणासाठी २०२४ मध्ये यू वरून पीजी ला गेला, एका जुन्या वंशवाचक शब्दामुळे. आपल्याकडे काळ्या रंगावरचे, जाड्या पोरावरचे विनोद, पोरगी नाही म्हणतेय तरी हिरो महिनाभर तिच्या मागे आणि शेवटी तीच हसते, हे सगळं कुठल्या खात्यात टाकायचं? शिवी नाही, रक्त नाही, कपडे अंगभर. तेरा वर्षांच्या मुलाच्या बापाला मारामारीपेक्षा याची जास्त धास्ती, निदान मला तरी. सगळे हिंदी पिक्चर तिथे नसतात, पण रिलीजच्या आसपास बघितलं तर बऱ्याचदा मिळून जातात.

मराठीसाठी मात्र काहीच नाही, तिथे फोनच. सोसायटीच्या ग्रुपवर विचारू नका, 'छान आहे, सहकुटुंब बघा' असं उत्तर येतं आणि ते लिहिणाऱ्या काकांची मुलं कॅनडात सेटल असतात. मी मेव्हणीला विचारतो, तिची मुलगी आमच्या छोटीच्याच वयाची आहे. तिला 'कसा आहे' असं कधीच विचारत नाही, 'तुमची पोरगी कुठे उठून गेली' असं विचारतो. नाहीतर मग शनिवारी दुपारी एकट्याने आधी बघून यायचं, हा उपाय सगळ्यात भारी पण तिकिटं बघता रोज परवडत नाही.

थोडक्यात विचाराल तर पोरं सहा-सातच्या आत असतील तर आकडा घ्या, डोक्याला शॉट नको. त्यापुढे मी तरी यादीच वाचतो, आणि आकड्याकडे फक्त ए आहे का एवढ्यापुरता बघतो.

छोटीने आता स्वतःचीच पद्धत काढलीये. डझ द डॉग डाय नावाची एक साईट आहे, तिथे लोक पिक्चरमध्ये कुत्रा मरतो का, आईवडील मरतात का असल्या प्रश्नांना हो-नाही उत्तरं देतात. तिच्या दादाने ती दाखवल्यापासून बाईसाहेब शुक्रवारी संध्याकाळी सोफ्यावर मांडी घालून बसतात आणि त्याने एकेक वाचून दाखवायचं. गेल्या आठवड्यात तो म्हणाला, "आईबाबा दोघं आहेत शेवटपर्यंत. कुत्रा पण आहे. फक्त एक आजोबा जातात."

तिने थोडा विचार केला. "किती म्हातारे?"