डेलावेअरवर कयाकिंगला जाताय? आधी यूएसजीएसचा ग्राफ बघा (फुकट आहे, जबरदस्त आहे)

न्यू जर्सीतल्या आपल्या ग्रुपांवर उन्हाळा लागला की डेलावेअरवर कयाक, कनूचे बेत सुरू होतात आणि सगळे विचारतात ऊन आहे का, पाऊस आहे का, नदीला पाणी किती आहे ते कोणीच विचारत नाही. ते सांगणारी सरकारी साइट म्हणजे यूएसजीएसचं (अमेरिकेचं भूगर्भ सर्वेक्षण खातं) वॉटर डेटा, लॉगिन नको, पैसे नकोत. डिंगमन्स फेरी, बुशकिलच्या बाजूला उतरणार असाल तर माँटेग्यूचं गेज (नदीचं पाणी मोजणारं केंद्र) उघडा, दर १५ मिनिटांचं रीडिंग असतं.

दोन आकडे दिसतील. एक गेज हाइट, फुटांत. ही नदीची खोली नाही हं! तिथल्या एका ठरलेल्या शून्यापासून मोजलेली उंची आहे, त्यामुळे ५ फूट दिसलं म्हणजे सगळीकडे छातीइतकं पाणी असं नाही, कुठे गोटे खरवडतील तर कुठे पाय टेकणार नाहीत. दुसरा डिस्चार्ज, सीएफएसमध्ये, म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात खडकवासल्याच्या बातमीत ऐकतो तोच क्युसेक, सेकंदाला साधारण २८ लिटर. कोरड्या उन्हाळ्यातही माँटेग्यूला १,७५० सीएफएस राहावेत म्हणून वरच्या न्यू यॉर्क शहराच्या धरणांतून पाणी सोडतात, १९५४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून हे चालू आहे, म्हणून मी त्याच्या आसपासचा आकडा म्हणजे उन्हाळ्यातलं कमी पाणी असं धरतो.

पण मला विचाराल तर खरी किंमत त्या ७ दिवसांच्या ग्राफची आहे. रेघ सपाट किंवा हळूहळू उतरतेय, तर नवख्यांना घेऊन जायला हरकत नाही. रेघ उभी चढतेय तर सरळ कॅन्सल करा, तुमच्याकडे लख्ख ऊन असलं तरी, कारण वरती कॅट्सकिल्सच्या डोंगरांत पडलेला पाऊस खाली पोचायला वेळ लागतो आणि तो येताना गढूळ पाणी न् ओंडके घेऊन येतो.

कमी काय आहे तर साइट "जा" किंवा "जाऊ नका" असं सांगत नाही, ते तुम्हालाच ठरवायचंय. आणि माँटेग्यूची फ्लड स्टेज (जिथून पूर धरतात ती गेज हाइट) २५ फूट आहे म्हणून १० फुटांना निवांत जाता येईल असं अजिबात समजू नका, तो आकडा काठावरच्या घरांसाठी आहे, कयाकमध्ये पहिल्यांदा बसणाऱ्या माणसासाठी नाही. वर अप्पर डेलावेअरमध्ये तर बॅरीव्हिलच्या गेजला ६ फुटांच्या वर गेलं की सगळ्यांनी लाइफ जॅकेट अंगात घालायलाच लागतं, तसा तिथल्या नॅशनल पार्क सर्व्हिसचा नियमच आहे. (मुलं बरोबर असतील तर पाणी कितीही असो, घालाच.)

यूएसजीएसचीच वॉटरअलर्ट ही सेवा पण चालू करून ठेवा, तुम्ही दिलेल्या आकड्याच्या वर पाणी गेलं की ईमेल किंवा मेसेज येतो. आदल्या रात्री एकदा बघा आणि सकाळी गाडी काढायच्या आधी परत एकदा.