मागून येणारी ठकठक: शॉकअप बदलायचे, लिंक की बुश?

गाडीच्या मागच्या बाजूने ठकठक यायला लागली की पहिलं नाव निघतं ते शॉकअपचं. "शॉकअप गेलेत, जोडी टाका," असं कुणीही सहज सांगतं, आणि गाडीखाली न डोकावताही सांगतं. कधीकधी ते बरोबर निघतं. पण जोडी टाकूनही आवाज जागच्या जागी राहिला, असंही बऱ्याचदा होतं. म्हणून माझा आग्रह असा, की आवाज नेमका कधी येतो हे कळल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका. शॉकअप (स्प्रिंगची उसळी आवरणारा), लिंक किंवा लिंक रॉड (स्टॅबिलायझर बारला चाकाच्या बाजूशी जोडणारा छोटा दांडा) आणि बुश (जोडांमधलं रबर) या तिघांचे आवाज वेगवेगळ्या वेळी येतात. एवढं कळलं तरी निर्णय बराचसा झालेला असतो.

त्याआधी डिक्की पूर्ण रिकामी करा. सैल स्टेपनी, जागेवरून सुटलेला जॅक, पाना, मागच्या सीटच्या पाठीचं सैल लॉक, यांतलं काहीही हुबेहूब सस्पेंशनसारखं वाजतं. सीटची पाठ दाबून धरायला कुणाला तरी मागे बसवा आणि त्याच खराब रस्त्यावरून पुन्हा जा. सायलेन्सर टांगणारे रबर तुटले असतील तर तोही खाली आपटतो. गाडी थंड असताना हाताने हलवून पाहिलं की लगेच समजतं.

मग खाली वाकून मागच्या सस्पेंशनचा प्रकार पाहा. दोन्ही चाकं एकाच जाड आडव्या बीमने जोडलेली असतील तर तो टॉर्शन बीम. बहुतेक छोट्या गाड्यांना हाच असतो आणि त्यात वेगळे लिंक रॉड बहुधा नसतातच. अशा गाडीला कुणी "मागचे लिंक बदला" म्हणालं, तर आधी ते दाखवायला सांगा. प्रत्येक चाकाला तीन-चार आर्म (चाक धरून ठेवणारे दांडे) दिसत असतील तर ते मल्टीलिंक. तिथे संशयित जास्त, म्हणून घाई कमी करायची.

लिंक रॉडचा आवाज बारीक आणि भरभर येतो: टक-टक-टक. सावकाश चाललेली गाडी खडबडीत रस्त्यावर असताना, डावं-उजवं चाक आलटून पालटून वरखाली होतं तेव्हा. याची एक परीक्षा मला फार भरवशाची वाटते. पूर्ण रुंदीच्या गतिरोधकावरून आधी अगदी सरळ जा. दोन्ही चाकं एकदम चढतात, स्टॅबिलायझर बारला (वळणावर गाडीचं कलणं रोखणाऱ्या आडव्या दांड्याला) पीळ बसत नाही आणि लिंक जवळजवळ गप्प राहतो. मग त्याच गतिरोधकावर तिरकं जा, आधी एक चाक, मग दुसरं. आता टकटक परत आली तर लिंक किंवा बारचे बुश हेच पहिले संशयित. खात्री करायची असेल तर लिंक तात्पुरता सोडून सावकाश चक्कर मारता येते. आवाज गेला तर विषय मिटला. मात्र लिंक सुटलेला असताना गाडी वळणावर जास्त कलते, तेव्हा ही चक्कर रिकाम्या रस्त्यावरच मारा.

शॉकअपचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे, कारण त्याच्या नावावर दोन वेगळे बिघाड खपवले जातात. एक म्हणजे शॉकअप आतून खराब होणं. दुसरं, त्याचं वरचं माउंट (गाडीच्या अंगाशी जोडणारा भाग), वरचा नट किंवा खालच्या टोकाचा बुश सैल होणं. डॅम्पिंग (उसळी आवरण्याची ताकद) संपलेल्या शॉकअपची खूण आवाजापेक्षा गाडीच्या वागण्यात आधी दिसते. गतिरोधक ओलांडल्यावर मागचा भाग डोलत राहतो, टायर ठिगळ-ठिगळ झिजतो, शॉकअपच्या अंगावरून तेल ओघळलेलं असतं. सीलजवळ नुसता धुळीचा पातळ थर असेल तर घाबरू नका; ओलं, ओघळलेलं तेल असेल तर तो गेला. कोपरा दाबून सोडायची परीक्षा सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती एकतर्फी आहे. गाडी डोलत राहिली तर शॉकअप गेला हे नक्की, लगेच थांबली तर मात्र तो चांगला आहे हे सिद्ध होत नाही.

आणि गाडी नीट बसते, डोलत नाही, तरी वाजते? मग मी आधी माउंट पाहीन. डिक्कीतलं आवरण काढून शॉकअपच्या वरच्या टोकावर तळहात ठेवा आणि दुसऱ्याला बाहेरून मागचा कोपरा जोरात दाबायला सांगा. माउंट सैल असेल तर प्रत्येक दाबासोबत हाताला ठोका जाणवतो, कानाला ऐकू येत नसला तरी. असं झालं तर नट योग्य टॉर्कला (ठरलेल्या जोराने) आवळणं किंवा माउंट बदलणं एवढ्यावर काम भागू शकतं.

बुशचा आवाज जाड असतो आणि एकदाच येतो: धप्प. तो खड्ड्यापेक्षा ब्रेक लावताना, गाडी सुटताना, रिव्हर्स टाकताना येतो, कारण तेव्हा चाक पुढे-मागे ओढलं जातं. सपाट जागी हळू पुढे जाऊन ब्रेक, मग मागे येऊन ब्रेक, असं करताना बाहेर उभ्या माणसाने चाक आणि मडगार्ड यांच्यातलं अंतर पाहावं. ते सरकताना दिसलं तर बीमचे किंवा आर्मचे बुश गेलेत. रबरावर वरवर भेगा असणं पुरेसं नाही. रबर लोखंडी बाहीपासून सुटलेलं हवं. आणि हलका ब्रेक दाबताच चालू असलेली खडखड बंद होत असेल, तर मोर्चा ब्रेकच्या पॅड आणि कॅलिपरकडे वळवा.

बदलायचं ठरलं की शॉकअप नेहमी जोडीनेच टाका आणि त्याच वेळी माउंट व बंप स्टॉपही (सस्पेंशन पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारा रबरी तुकडा) पाहा, कारण खोलण्याची मजुरी तीच असते. बुशमध्ये सुटा बुश प्रेसवर बसवायचा की बुशसकट तयार आर्म घ्यायचा, असा प्रश्न येतो. आर्म जुना, गंजलेला असेल तर मी तयार आर्मच घेईन. मेकॅनिकला एक गोष्ट आवर्जून सांगा: रबर बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडीचं वजन चाकांवर हवं. चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुश लवकर फाटतो. मल्टीलिंकचे आर्म बदलल्यावर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घ्याच.

दोन गोष्टींत मात्र तुलना वगैरे काही नाही, गाडी थांबवायचीच. एक, चाकाचे नट सैल असणं. दुसरी, तुटलेली स्प्रिंग. सपाट जागी दोन्ही मागच्या चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. एक बाजू स्पष्ट खाली बसली असेल तर स्प्रिंगचा खालचा वेढा पाहा. तुटलेलं टोक टायर फाडू शकतं. पाहण्यासाठी गाडीखाली जाल तर नुसत्या जॅकवर भरवसा नको, खाली स्टँड लावलेले हवेत.