दोन जीबीच्या जुन्या लॅपटॉपसाठी हलके लिनक्स निवडताना

पंचवटीत राहणाऱ्या माझ्या आत्याकडे २०११ साली घेतलेला लॅपटॉप आहे. दुसऱ्या पिढीचा कोअर आय-थ्री प्रोसेसर, दोन जीबी रॅम आणि ३२० जीबीची हार्ड डिस्क, असा त्याचा संसार. शाळेतून निवृत्त झाल्यापासून आत्या जात्यावरच्या ओव्या जमवते आहे आणि निफाड-दिंडोरीकडच्या वयस्कर बायकांकडून ऐकून वहीत उतरवलेल्या त्या ओव्या तिला आता टंकून ठेवायच्या आहेत. विंडोज १० सुरू होऊन कामाला लागेपर्यंत तिचा चहा होऊन कप धुऊनही होत असे. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या प्रणालीचा नियमित पाठिंबाही संपला. विंडोज ११ ला किमान चार जीबी रॅम आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागत असल्याने ती वाट बंदच होती. एका दुरुस्तीच्या दुकानात तिला ‘भंगारात द्या’ असा सल्ला मिळाला. ज्या यंत्राचा पडदा स्वच्छ आहे आणि एकही कळ अडकत नाही, ते टाकून देणे मला पटले नाही, म्हणून दिवाळीनंतरच्या दोन रविवारी तिच्याच टेबलावर बसून लिनक्सच्या, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीच्या, चार प्रकारांची तपासणी केली.

प्रत्येक प्रणाली आधी पेन ड्राइव्हवरून, काहीही न पुसता, चालवून पाहिली. अशा चाचणीतून वायफाय, आवाज आणि कॅमेरा चालतो की नाही हे कळते. वेगाचा अंदाज मात्र तिच्यावरून बांधू नये, कारण पेन ड्राइव्ह मुळात संथ असतो आणि प्रणालीचा काही भाग रॅममध्येच ठाण मांडून बसतो. खरी परीक्षा स्थापनेनंतरची, आणि तिच्यासाठी मी एकच कसोटी ठेवली : लिब्रेऑफिस या लेखनाच्या मोफत प्रोग्राममध्ये ओव्यांची फाइल उघडी, शेजारी फायरफॉक्समध्ये एक व्हिडिओ, आणि त्या अवस्थेत मराठी टंकताना अक्षरे मागे रेंगाळता कामा नयेत.

वेगात अँटीएक्सच्या जवळपास कोणी आले नाही. डेबियन या जुन्या लिनक्सवर उभी असलेली ही प्रणाली संगणकातल्या सेवा सुरू करणारा सिस्टमडी हा प्रोग्राम वापरत नाही, पूर्ण डेस्कटॉपऐवजी आइसडब्ल्यूएम हा छोटा विंडो मॅनेजर देते आणि सुरू झाल्यावर साधारण दोनशे-अडीचशे एमबी रॅममध्ये भागवते. डेबियन १२ वर आधारलेल्या तिच्या २३ व्या आवृत्तीत ३२ बिटची, म्हणजे फार जुन्या प्रोसेसरांसाठीची, प्रतही मिळते. डेबियन १३ मध्ये ३२ बिट संगणकांसाठी इन्स्टॉलरच उरला नसल्याने जुन्या ॲटम नेटबुकवाल्यांना हे मोठेच आधाराचे आहे. मी आधी आत्याला हीच प्रणाली बसवून दिली, आणि तीन आठवड्यांत माझी चूक मला कळली. तिथला मेनू, फाइल मॅनेजर, वायफाय जोडण्याची विंडो हे सगळे वेगवेगळ्या हातांनी घडवल्यासारखे दिसते. मराठीसाठी आयबस हे टंकनाचे साधन दर वेळी आपोआप सुरू व्हावे म्हणून मला स्टार्टअपच्या फाइलमध्ये हाताने ओळी लिहाव्या लागल्या. एका अपडेटनंतर ते सुरू होईना, तेव्हा आत्याने चार दिवस संगणक उघडलाच नाही आणि पुन्हा वही काढली. यंत्र वेगवान असूनही काम थांबले, याचे मला फार वाईट वाटले.

लुबुंटूचा एलएक्सक्यूटी डेस्कटॉप नीटनेटका आहे आणि विंडोजची सवय असलेल्याला तो परका वाटत नाही. उबुंटूच्या कुटुंबातला असल्याने त्यात फायरफॉक्स मात्र स्नॅप स्वरूपात, म्हणजे लागणारे सगळे भाग एकत्र बांधून, येतो आणि जुन्या हार्ड डिस्कवर तो पहिल्यांदा उघडताना जीव टांगणीला लागतो. शिवाय लुबुंटू २४.०४ चा पाठिंबा तीनच वर्षांचा, म्हणजे एप्रिल २०२७ पर्यंतचा आहे. आत्याकडे इतक्या लवकर पुन्हा सगळे बसवायची माझी तयारी नव्हती.

एमएक्स लिनक्सची एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती मला मनापासून आवडली. तिचे स्नॅपशॉट हे साधन आपल्या बसवलेल्या, सजवलेल्या प्रणालीची जशीच्या तशी आयएसओ फाइल, म्हणजे पुन्हा बसवता येणारी प्रत, बनवते. मराठी कळफलक, फॉन्ट आणि प्रिंटर एकदा लावून ठेवला की तीच प्रत दुसऱ्या लॅपटॉपवर चढवता येते. शाळेत किंवा वाचनालयात दहा जुने संगणक मार्गी लावायचे असतील, तर मी डोळे झाकून एमएक्स घेईन. एका घरातल्या एका यंत्राला मात्र तिच्या पसाऱ्याचा तेवढा उपयोग नाही.

शेवटी निवड केली ती लिनक्स मिंटच्या एक्सएफसीई आवृत्तीची. चौघांत ती सर्वांत हलकी नाही. तिच्या कर्त्यांनीच किमान दोन जीबी आणि सुखाने चालण्यासाठी चार जीबी रॅम सांगितली आहे, आणि दोन जीबीवर वरची कसोटी तिने धापा टाकतच पार केली. म्हणून कायमच्या स्थापनेपूर्वी दोन गोष्टी बदलल्या : डीडीआर३ ची चार जीबीची पट्टी लावली आणि हार्ड डिस्कच्या जागी २४० जीबीची साधी सॅटा एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीविना चालणारी वेगवान डिस्क, बसवली. कोणती प्रणाली घ्यावी या वादापेक्षा या एसएसडीने अधिक फरक पडला, हे मी ठामपणे सांगतो. रॅम वाढवणे शक्य नसेल तर झेडरॅम जरूर चालू करावे. ते रॅममधला न वापरला जाणारा मजकूर रॅममध्येच दाबून ठेवते, त्यामुळे डिस्कवरची ये-जा कमी होते. प्रणाली कितीही हलकी असली तरी आजच्या एका जड संकेतस्थळाचा टॅब तिने वाचवलेली रॅम खाऊन टाकतो, हेही ध्यानात ठेवावे.

या लॅपटॉपचे वायफाय ब्रॉडकॉम कंपनीचे असल्याने ते आपोआप चालले नाही. मोबाइल युएसबी वायरने जोडून टेदरिंग, म्हणजे मोबाइलचे इंटरनेट लॅपटॉपला देण्याची सोय, चालू केले, मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरने योग्य ड्रायव्हर सुचवला आणि पाच मिनिटांत काम झाले.

मराठी टंकलेखनात मिंट खरोखर उजवे ठरले. इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कळफलक येणाऱ्याला आयबसची गरजही नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय मांडण्यांखाली मराठी निवडली की पुरे. उच्चाराप्रमाणे टंकणाऱ्यांनी आयबससोबत एम१७एन हा मांडण्यांचा संच बसवावा, त्यात गमभन या मराठी टंकनपद्धतीची मांडणीही आहे. माझी नेहमीची परीक्षा म्हणजे ‘साऱ्या’ हा शब्द. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून ‘जे’ दाबले की ‘ऱ’ उमटतो, मग ‘डी’ने पाय मोडायचा आणि तिरप्या रेघेच्या कळीने ‘य’ आणायचा. साधा ‘र’ घेतला तर रफार वर चढतो आणि ‘सार्या’ असे चुकीचे उमटते. लोहित आणि नोटो या दोन्ही फॉन्टमध्ये तो अर्धा र नीट वळलेला दिसला. आत्याने चष्मा वर करून पडद्याजवळ जाऊन तो पाहिला आणि म्हणाली, “अरे, हा तर फळ्यावर काढायचे तसाच आला.” तिच्या ओव्यांत ‘साऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘नवऱ्याचं’ पानोपानी आहे, त्यामुळे माझ्या लेखी हा मुद्दा सुरू होण्याच्या वेळेइतकाच वजनाचा आहे.

एक उणीव राहिली आहे. लॅपटॉपचे झाकण मिटून पुन्हा उघडले की कधीकधी वायफाय जागे होत नाही आणि ते बंद करून पुन्हा चालू करावे लागते. बॅटरीही आता अर्ध्या तासाची सोबती आहे, म्हणून लिब्रेऑफिसमधली आपोआप जतन करण्याची मुदत मी दोन मिनिटांवर आणली. मिंट २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळत राहतील. गेल्या आठवड्यात वीज गेली आणि बॅटरीही संपली तेव्हा चाललेली ओवी तेवढी गेली, आधीचे पान जागेवर होते, आणि आत्याने ती वहीत पाहून पुन्हा टंकली.