ईट्रेक्सचा स्क्रीन सुटसुटीत करायचाय: पानं कमी करावीत की वेगळं प्रोफाइल बनवावं?

गार्मिनच्या ईट्रेक्स २२एक्स आणि ३२एक्स या हातात धरायच्या जीपीएस यंत्रांचा स्क्रीन जेमतेम २.२ इंचांचा, आणि टचस्क्रीन नाही. ‘बॅक’ बटण दाबत एकेक पान पुढे सरकवावं लागतं. धुक्यात वाट शोधताना नकाशासाठी पाच वेळा बटण दाबायची वेळ येऊ नये, म्हणून मूळ मांडणी बदलणं गरजेचं आहे. त्यासाठी दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे चालू प्रोफाइलमधलीच (प्रोफाइल म्हणजे साठवलेल्या सेटिंग्जचा एक संच) पानं कमी करणं. सेटअपमध्ये ‘पेज सिक्वेन्स’ उघडा, नको असलेल्या पानावर थंबस्टिक (अंगठ्यानं हलवायची छोटी दांडी) दाबा आणि ‘रिमूव्ह’ निवडा. क्रम बदलायला ‘मूव्ह’. काम दोन मिनिटांचं. काढलेलं पान कायमचं जात नाही, मेन मेनूतल्या आयकॉनवरून ते उघडता येतं. खोट एकच: प्रत्येक बदल चालू प्रोफाइलमध्ये आपोआप साठतो. ‘सेव्ह करू का’ असं यंत्र विचारत नाही, त्यामुळे जुनी मांडणी परत हवी असेल तर एकेक पान हातानं लावत बसावं लागतं.

दुसरा मार्ग: सेटअप, मग ‘प्रोफाइल्स’, मग ‘क्रिएट न्यू प्रोफाइल’. इथे मूळ मांडणीला धक्का लागत नाही. मात्र नवं प्रोफाइल आधी चालू करा आणि मगच पानं काढा; नाहीतर बदल जुन्यातच होतात. ही चूक फार जण करतात. डेटा फील्ड (पानावरचे आकडे दाखवणारे चौकोन) आणि एककंही प्रोफाइलनुसार साठतात, म्हणून एकात मीटर आणि दुसऱ्यात फूट असा घोळ होऊ शकतो. दोन्ही प्रोफाइल्समधली एककं घरीच ताडून पाहावीत.

यंत्र एकट्याचं आणि फक्त ट्रेकसाठी असेल तर पहिला मार्ग पुरतो. सायकलवरही लागत असेल, किंवा ग्रुपमध्ये हातोहात फिरत असेल, तर दुसराच घ्यावा.

कोणताही मार्ग घेतला तरी तीन पानांच्या वर जाऊ नये: नकाशा, ट्रिप कॉम्प्युटर (प्रवासाचे आकडे दाखवणारं पान) आणि मॉडेलनुसार तिसरं. ३२एक्समध्ये इलेक्ट्रॉनिक होकायंत्र आहे, तेव्हा कंपास ठेवा. विचित्र दिशा दाखवू लागला तर गाडी आणि लोखंडी रेलिंगपासून दूर जाऊन कॅलिब्रेट करा. २२एक्समध्ये ते नाही. तिथे दिशा चालत असतानाच खरी. थांबलात की भरवसा नाही, म्हणून ते पान काढलेलंच बरं. ३२एक्सची उंची हवेच्या दाबावरून येते. रात्रभर तंबूत असलात तरी दाब बदलला की सकाळी उंची बदललेली दिसते. कळसूबाईच्या माथ्यासारख्या उंची माहीत असलेल्या जागी (१,६४६ मीटर) अल्टिमीटर कॅलिब्रेट करावा.

नकाशावर डेटा फील्ड दोनच असावेत, कारण प्रत्येक फील्ड नकाशाची जागा खातं. ‘डिस्टन्स टू डेस्टिनेशन’ (मुक्कामापर्यंतचं अंतर) रूट चालू नसेल तर रिकामं दिसतं. तेव्हा तिथे उंची किंवा घड्याळ बरं. सूर्यास्ताची वेळ मात्र ट्रिप कॉम्प्युटरवर हवीच.

त्याच पानावर ‘लोकेशन (सिलेक्टेड)’ हे तुमचे अक्षांश-रेखांश दाखवणारं फील्ड ठेवा. ‘लॅट/लॉन’ असं दुसरंही फील्ड आहे, पण ते तुम्ही निवडलेली पद्धत जुमानत नाही. हे एवढं महत्त्वाचं अशासाठी की गार्मिनची मूळ पद्धत अंश आणि मिनिटांची आहे, तर फोनवरच्या नकाशांत बहुधा दशांश अंश असतात. १८ अंश ४५.५०० मिनिटं म्हणजे १८.७५८३३ अंश. घाईत फोनवर कुणी ते १८.४५५ असं वाचलं, तर मदतीला निघालेली माणसं सुमारे ३४ किलोमीटर दक्षिणेला पोहोचतील. ‘पोझिशन फॉरमॅट’मध्ये दशांश अंश निवडून ठेवा, आणि डेटम (अक्षांश-रेखांश मोजण्याचा आधार) डब्ल्यूजीएस ८४ आहे ना ते पाहा.

सगळं मनासारखं बसलं की यंत्र केबलनं संगणकाला जोडा आणि ‘गार्मिन’ फोल्डरमधल्या ‘प्रोफाइल्स’मधली .जीपीएफ फाइल कॉपी करून ठेवा. ‘रीसेट ऑल सेटिंग्ज’ चुकून दाबलं गेलं, तर ती फाइल परत टाकता येते.