‘गणपतीपर्यंत घर तयार’: सिंहगड रस्त्यावरच्या पूर-पॅकेजची झाडाझडती

पुण्यात मुठा नदीला पाणी सुटलं की सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरी, निंबजनगर, विठ्ठलनगर या भागांत तळमजल्यात पाणी शिरतं, आणि पाणी उतरायच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर जाहिरात येते: पंप, गाळउपसा, फवारणी, मशीनने वाळवणं, पुट्टी, रंग, सगळं एका कोटेशनात. करणारे बरेच आहेत. तीन-चार कोटेशनं शेजारी ठेवली तर ओळीसुद्धा त्याच निघतात, म्हणून हे परीक्षण एका ठेकेदाराचं नाही, या पॅकेजचं आहे. एका ओळीत: गाळ काढण्याला पाचपैकी साडेचार, वायरिंगला तीन, वाळवण्याला दीड, रंगाला शून्य. रंगाला शून्य कारण रंग वाईट असतो म्हणून नव्हे, तो लवकर लागतो म्हणून.

2024 चंच घ्या. 25 जुलैला पहाटे खडकवासला धरणातून सुमारे 35 हजार क्युसेक पाणी नदीत सुटलं आणि घरं बुडाली. 4 ऑगस्टला पुन्हा तीच धावपळ. गणपती बसले 7 सप्टेंबरला. म्हणजे पहिल्या पुरापासून 44 दिवस, तेही सगळे पावसाळ्यातले. नऊ इंची विटांची भिंत एवढ्यात वाळत नाही. जुन्या गवंड्यांचा अंदाज इंचाला महिना असा आहे, आणि तो उघडीप धरून.

आधी चांगलं. गाळउपशाचं काम ही मंडळी खरोखर झटून करतात. सहाशे चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये तीन इंच गाळ म्हणजे दीडशे घनफूट, दीड ब्रास माल. तो ओला असतानाच निघाला पाहिजे, वाळला की कुदळ लागते आणि फरशीचा पॉलिश जातो. चांगली टोळी फावड्याने भरून पोती बाहेर काढते, मग वायपर, मग पाणी. वाईट टोळी पाइप लावून सगळा गाळ न्हाणीच्या जाळीत ढकलते. आठवड्याने चेंबर तुंबतो आणि प्लंबरचं बिल वेगळं येतं. वर्क ऑर्डरवर ‘गाळ ड्रेनेजमध्ये सोडणार नाही’ हे वाक्य हाताने लिहून घ्या. जेट मशीन फरशीवर चालेल, भिंतीवर नको, कारण प्रेशरने पाणी गिलाव्याच्या आत जातं.

फवारणीचा मात्र तमाशा जास्त. पाठीवर पंप घेऊन माणूस धुकं सोडत फिरतो, फोटो छान येतात. चिखलाचा पापुद्रा तसाच असेल तर औषध तिथेच संपतं. आधी साबणपाण्याने घासणं, मग हायपोक्लोराइट (पातळ ब्लीचिंग), आणि दहा-पंधरा मिनिटं ओलं राहू देणं, हा क्रम. त्याच दिवशी संडासात ॲसिड टाकू देऊ नका. ब्लीचिंग आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. जमिनीखालच्या टाकीचं काम पॅकेजमध्ये धरलेलं नसतं, ते मागून घ्या: टाकी उपसून घासायची, भरायची, हजार लिटरला 25 टक्के क्लोरीनची 200 ग्रॅम ब्लीचिंग पावडर आधी बादलीत कालवून निवळ तेवढी टाकायची, बारा ते चोवीस तास ठेवून सगळं पाणी सोडून द्यायचं. दहा हजार लिटरच्या टाकीला दोन किलो. फोडून ठेवलेलं जुनं पाकीट वापरलं तर क्लोरीन आधीच उडालेला असतो.

वायरिंग. इथे तीन गुण, कारण चांगला वायरमन मिळाला तर काम चोख होतं. बुडालेले एमसीबी (जादा भाराला वीज तोडणारे स्विच), आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारे), सॉकेट ‘वाळवून’ पुन्हा बसवायचे नसतात, बदलायचे असतात. आत गेलेला बारीक गाळ सुकल्यावरही ओल धरतो आणि आरसीसीबी ऐन वेळी पडत नाही. नळीतल्या वायरी ओढून पाहायच्या, सांधे उघडायचे, मग 500 व्होल्टच्या मेगरने (वायरच्या आवरणातून वीज गळते का ते मोजणारं यंत्र) प्रत्येक सर्किट तपासायचं. एक मेगओहमच्या खाली आकडा आला तर ते सर्किट चालू करायचं नाही. आकडे कागदावर मागा. ‘टेस्टर लावून बघितलं’ ही तपासणी नव्हे. मीटर पार्किंगमध्ये बुडालं असेल तर तिथे हात लावायचं काम महावितरणचं.

आता वाळवणं, जिथे पॅकेज हरतं. दहा फूट लांब, चार फूट उंचीपर्यंत भिजलेली नऊ इंची भिंत घ्या. विटांचं वजन चौदाशे किलोच्या आसपास. वजनाच्या दहा टक्के पाणी धरलं तरी एका भिंतीत शंभर-दीडशे लिटर होतं. पॅकेजमध्ये येतं दिवसाला ‘पन्नास लिटर’चं डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं मशीन, सात ते दहा दिवस. तो पन्नासचा आकडा 30 अंश आणि 80 टक्के दमटपणा धरून काढलेला असतो. खोली जसजशी सुकते तसं पाणी कमी निघतं, मशीन मात्र सातशे-आठशे वॅट तेवढेच खातं. त्यात घरोघरी होणारी चूक म्हणजे मशीन चालू आणि खिडक्या सताड उघड्या, ‘हवा खेळू दे’ म्हणून. पुण्याच्या ऑगस्टमध्ये बाहेरची हवाच ओली असते, मशीन मग आख्ख्या सिंहगड रस्त्याची हवा वाळवत बसतं. खिडक्या बंद, दारं बंद, आत पंखा भिंतीच्या पायथ्याकडे वळवलेला, अशी ती पद्धत आहे. मशीनशेजारी एक वही टांगा आणि रोज किती लिटर ओतलं ते लिहा. आकडा आठवडाभर खाली येत नसेल तर कुठेतरी खिडकी उघडी आहे किंवा फरशीखालच्या भरावातून पाणी वर येतंय. दुसऱ्या बाबतीत स्कर्टिंगच्या टाइल काढल्याशिवाय गत्यंतर नाही.

पॅकेजवाला ओल मोजायचं दोन सुयांचं मीटर घेऊन येतो आणि भिंतीवर टोचून ‘बारा टक्के’ दाखवतो. ते मीटर लाकडासाठी बनवलेलं असतं. गिलाव्यावर त्याचा आकडा फक्त तुलनेला चालतो: न बुडालेल्या भिंतीवर किती, इथे किती. क्षार असले की तो फुगून येतो. त्यापेक्षा स्वस्त परीक्षा आहे. दीड फूट बाय दीड फूट प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा, चोवीस तासांनी उचला. आतून दव दिसलं किंवा गिलावा गडद पडला असेल तर पुट्टीवाल्याला परत पाठवा.

मग काय ठेवायचं, काय तोडायचं? आत जिप्समचा गिलावा किंवा पीओपी असेल तर पाण्याच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत काढूनच टाका, कारण ओल रेषेच्या वर चढते आणि भिजलेलं जिप्सम पुन्हा धड होत नाही. सिमेंटचा गिलावा हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहा, बद्द आवाज येईल तेवढाच काढा. सिपोरेक्सचे (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) ठोकळे विटांपेक्षा सावकाश सुकतात. नंतर भिंतीवर लोणा फुटला तर कोरड्या ब्रशने झाडा, धुऊ नका, धुतला की क्षार परत आत जातात. किचन ट्रॉल्यांत एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड असेल तर नाद सोडा. आयएस 710 चा (मरीन) प्लाय बहुधा वाचतो, मागची पाठ काढून हवा लागू दिली तर. गंमत अशी की जुन्या बंगल्यांतल्या कडप्प्याच्या मांडण्या आणि शहाबादी फरश्या धुतल्या की पुन्हा उभ्या, मॉड्युलर किचन मात्र भंगारात.

या शहराला हे नवं नाही. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि पेठांतल्या वाड्यांच्या मातीच्या भिंती विरघळून गेल्या. लोक निसेन हटमध्ये (पत्र्याच्या अर्धगोल तात्पुरत्या घरांत) राहिले, मग गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. पूरग्रस्तांच्या त्या सोसायट्या नदीपासून लांब नेल्या होत्या. सिंहगड रस्त्यावरच्या हिंगणे खुर्दची शेतं मात्र पुढे प्लॉट झाली, आणि विठ्ठलवाडीच्या देवळाच्या आसपास नदी किती पसरते हे गावाला माहीत असूनही तळमजले विकले गेले. निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची म्हणतात. एकतानगरीने 2024 नंतर 2025 च्या ऑगस्टमध्येही पाणी पाहिलं.

म्हणून पॅकेज घ्यायचंच तर तुकडे करून घ्या. गाळ आणि वायरिंग लगेच. मशीन दिवसांवर भाड्याने, वही बघून वाढवायचं. पुट्टी-रंग दिवाळीनंतर, तेही प्लॅस्टिकखाली दव आलं नाही तरच, तोवर गणपतीला भिंतीवर पडदा लावा. दर चौरस फुटाचा असतो, पण कशाचा ते विचारा: दहा बाय बाराच्या खोलीची फरशी 120 फूट, चार फुटांपर्यंतची भिंत 176, दहा फुटी छतापर्यंत धरली तर 440. रंग चुना किंवा सिमेंटचा, ज्यातून भिंत श्वास घेते. ‘वॉटरप्रूफ’ ॲक्रिलिक आतली ओल कोंडतं आणि पुढच्या उन्हाळ्यात पोपडे पडतात. विमा असेल तर सर्व्हेअर येईपर्यंत आणि तलाठ्याचा पंचनामा होईपर्यंत सामान फेकू नका. निदान मोजपट्टी लावून फोटो काढा. न्हाणीच्या लाइनला एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) मागा, कारण पाणी बऱ्याचदा दारातून नाही, न्हाणीतून आधी येतं.

आणि रंगाऱ्याला पार्किंगच्या एका खांबावरची चिखलाची रेघ पुसू देऊ नका. तिच्यावर ऑइलपेंटने तारीख आणि फरशीपासूनची उंची लिहा. पुढच्या वेळी सॉकेट कुठे बसवायचे ते वायरमनला तिथूनच कळेल.