विंडरमियर की डरवेंटवॉटर? निवांत सुट्टीसाठी दोन तलावकाठ

इंग्लंडच्या वायव्येकडील लेक डिस्ट्रिक्टमध्ये चार-पाच दिवस निवांत घालवायचे ठरवले, की मुक्काम विंडरमियरच्या काठी करावा की डरवेंटवॉटरच्या, हा प्रश्न पडतोच. विंडरमियर हा इंग्लंडमधील सर्वांत मोठा नैसर्गिक तलाव असून त्याची लांबी सुमारे १७ किलोमीटर आहे. येथे १८४७ पासून रेल्वे येते, त्यामुळे वयस्कर आई-वडील आणि बरेच सामान बरोबर असेल, तर हा काठ निश्चितच सोयीचा ठरतो. तलावकाठच्या बोनेस गावाच्या धक्क्यावरून बोटीने अँबलसाइडला जाता येते आणि तेथून बसने ग्रासमियर हे दगडी घरांचे टुमदार गाव गाठता येते, जेथील डव्ह कॉटेजमध्ये कवी विल्यम वर्ड्‌स्वर्थ १७९९ ते १८०८ या काळात राहत होते. मात्र उन्हाळ्यात बोनेसला फार गर्दी असते.

डरवेंटवॉटरकाठच्या केझिकला रेल्वे नाही. पेनरिथला उतरून बस घ्यावी लागते. तलाव जेमतेम पाच किलोमीटर लांबीचा आहे, पण हेच त्याचे मोठे सुख आहे, कारण तलावाला फेरी घालणारी लाँच ठिकठिकाणच्या धक्क्यांवर थांबते, आणि हवे तेथे उतरून, काठाकाठाने झाडीतून चालून, पाय दमले की पुढच्या धक्क्यावर पुन्हा लाँचमध्ये बसता येते. दक्षिणेचे बोरोडेल खोरे इंग्लंडमधील अतिशय पावसाचा भाग असल्याने चांगला रेनकोट मात्र हवाच. विश्रांती हाच हेतू असेल, तर मी केझिकलाच मुक्काम करेन आणि ग्रासमियरसाठी बसने एक दिवस राखून ठेवेन.