आभासी वस्तू हाताला कडक का वाटते : पीएस व्हीआर२च्या सेन्स कंट्रोलरचे परीक्षण

व्हीआर म्हणजे आभासी वास्तवाच्या उपकरणांच्या परीक्षणांत पडद्याची सुस्पष्टता, दृष्टिक्षेत्र, हेडसेटचे वजन यांवर भरभरून लिहिले जाते. हातातल्या कंट्रोलरची बोळवण मात्र बहुधा ‘कंपने चांगली आहेत’ एवढ्या एका वाक्यात होते. समोरची वस्तू खरोखर तिथे आहे, हे पटायला डोळ्यांइतकीच हाताची साक्ष लागते असे माझे ठाम मत आहे. म्हणून सोनीने फेब्रुवारी २०२३मध्ये बाजारात आणलेल्या प्लेस्टेशन व्हीआर२ (पीएस व्हीआर२) या हेडसेटसोबत मिळणाऱ्या सेन्स कंट्रोलरच्या जोडीचे हे परीक्षण मी एकाच प्रश्नापुरते ठेवले आहे. आभासी वस्तू हाताला किती कडक किंवा किती मऊ वाटते, आणि हा कंट्रोलर ते कशाच्या जोरावर साधतो?

या कंट्रोलरमध्ये दोन यंत्रणा आहेत आणि त्यांची गल्लत करून चालत नाही. एक यंत्रणा मुठीत कंपने निर्माण करते; तिला दिलेल्या संकेताचा आकार, जोर आणि कालावधी सॉफ्टवेअरला बारकाईने ठरवता येतो. दुसरी तर्जनीखालच्या ट्रिगरमध्ये आहे. ती मोटरच्या साहाय्याने ट्रिगरला खरोखर अडवते, म्हणजे बोटाला उलटा जोर लावते. कंपन हाताला हलवते पण कुठल्याही एका दिशेने ढकलत नाही, ट्रिगर मात्र ढकलतो. कडकपणाचा सगळा प्रश्न या फरकाशी येऊन थांबतो.

भौतिकशास्त्राच्या हिशेबाने कडकपणा म्हणजे वस्तू ठरावीक अंतर दाबायला लागणारा जोर. हा हिशेब लावला तर हातात मोकळा धरलेला कोणताही कंट्रोलर नापासच व्हायला हवा, कारण तो जमिनीला किंवा टेबलाला जोडलेला नसतो आणि त्यामुळे हाताला रोखू शकत नाही. आभासी टेबलावर हात टेकवला की खरा हात त्यातून सरळ आरपार जातो. तरीही सेन्स कंट्रोलरने आभासी लाकडी फळीवर टिचकी मारली की ती फळी कडक वाटते, आणि हे वाटणे चांगलेच ठसठशीत असते.

त्याचे कारण असे, की कडकपणा ओळखताना हात फक्त दाबून पाहत नाही, ठोकूनही पाहतो. खऱ्या वस्तूवर पेनाने टिचकी मारली की त्या आघाताने पेनात क्षणभर कंपने उठतात आणि झपाट्याने विरतात. धातूवर ती जलद असतात, लाकडावर त्याहून संथ आणि रबरावर अगदीच सुस्त. त्वचेच्या खोल थरातल्या पॅसिनियन नावाच्या संवेदकांना अशी कंपने फार बारकाईने कळतात. सुमारे २५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला २५० कंपनांच्या आसपास त्यांची संवेदनक्षमता सर्वाधिक असते. अ‍ॅलिसन ओकामुरा, जॅक डेनरलाइन आणि रॉबर्ट हाउ या संशोधकांनी १९९८मध्ये नेमकी हीच गोष्ट आभासी वस्तूंसाठी वापरली. आघाताचा वेग मोजायचा, त्या प्रमाणात जोर असलेली आणि क्षीण होत जाणारी एक लहर हाताला द्यायची, आणि प्रत्येक पदार्थासाठी तिची वारंवारता व विरण्याचा वेग वेगळा ठेवायचा, अशी ती पद्धत होती. पुढे २००६मध्ये कॅथरीन कुकेनबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आघाताच्या क्षणी अशी लहर जोडल्याने आभासी पृष्ठभाग किती खरा वाटू लागतो, हे दाखवून दिले.

सेन्स कंट्रोलरची खरी ताकद इथे आहे. त्याचे कंपन चटकन उठते आणि चटकन थांबते. जुन्या पद्धतीच्या कंट्रोलरमध्ये एका बाजूला जड असलेले वजन मोटरवर गरगर फिरवले जाते. त्याला वेग घ्यायला आणि थांबायला वेळ लागतो, शिवाय त्याची वारंवारता आणि जोर एकमेकांना बांधलेले असतात, त्यामुळे टिचकीची घरघर होऊन जाते. सेन्समध्ये, सॉफ्टवेअर नीट लिहिलेले असेल तर, हलकी टिचकी आणि जोरकस ठोका यांतला फरक हाताला स्वच्छ कळतो. मला महत्त्वाचा वाटतो तो हाच फरक. आघात कसाही झाला तरी कंपन एकच असेल, तर ते वस्तूचे न वाटता उपकरणाने दिलेल्या सूचनेसारखे वाटते. ठोक्याचा जोर वाढवल्यावर उत्तरही वाढले, की मगच समोर काहीतरी घट्ट आहे यावर हात विश्वास ठेवतो.

ही परीक्षा स्वतः करायची असेल तर दोन पथ्ये पाळावीत. आवाज पूर्ण बंद करावा, कारण ठोक्याचा खणखणीत आवाज हाताच्या मतावर दाट छाप टाकतो आणि मग श्रेय कंपनाचे की कानाचे हे उमगत नाही. आणि कंट्रोलर सैल धरावा. मूठ आवळली की हाताचे स्नायू कंपने जिरवू लागतात आणि धातू व लाकूड यांच्यातला भेद पुसट होतो.

ठोकण्यापाठोपाठ दाबण्याकडे वळले, की चित्र बदलते. आभासी भिंतीवर तळवा टेकवून जोर लावत राहिले, तर अडवणारे काहीच नसते. इथे चांगले सॉफ्टवेअर डोळ्यांची मदत घेते: खरा हात पुढे गेला तरी चित्रातला हात भिंतीवरच थबकलेला दाखवते. ही युक्ती फार परिणामकारक आहे. मंदयम श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६मध्ये केलेल्या प्रयोगात, पडद्यावर दिसणारे दबणे आणि हाताला जाणवणारे दबणे जाणूनबुजून विसंगत ठेवले, तेव्हा कडकपणाबद्दलचा लोकांचा निवाडा मोठ्या प्रमाणात डोळ्यांच्या बाजूने झुकला. म्हणून चित्रातला हात थबकला आणि त्याच क्षणी एक आखूड, जलद टिचकी बसली, की भिंत कडक वाटते; तोच हात थोडा आत रुतलेला दिसला आणि टिचकी संथ असली, की ती गादीसारखी वाटते.

मात्र अनेक अ‍ॅप या जागी एक ढोबळ चूक करतात आणि ती मला मनापासून खटकते. हात भिंतीला टेकलेला असेपर्यंत ती कंपन चालूच ठेवतात. ‘स्पर्श चालू आहे’ हे सांगण्याचा हेतू चांगला असला, तरी परिणाम उलटा होतो. भिंतीचा घट्टपणा नाहीसा होतो आणि हाताखाली काहीतरी गुणगुणते आहे एवढेच उरते. याला आधार देणारे संशोधनही आहे. योन व्हिसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११मध्ये चालणाऱ्या माणसांच्या तळपायांना कंपने दिली, तेव्हा पायाखालची जमीन त्यांना अधिक मऊ वाटली आणि कंपनाचा जोर वाढला तसा मऊपणाही वाढला. त्याआधी २०१०मध्ये योहान किल्दाल यांनी अजिबात न दबणाऱ्या पृष्ठभागावर एक गमतीदार आभास निर्माण करून दाखवला होता: बोटाचा दाब जसजसा बदलेल तसतसे कंपनाचे बारीक बारीक कण द्यायचे. बोट जागचे हलत नाही, तरी पृष्ठभाग दबतो आहे असे वाटते.

तेव्हा ‘कंपनाने वस्तू कडक वाटते’ हे विधान अर्धेच खरे आहे. आघाताच्या क्षणी आलेले, आखूड, झटक्यात विरणारे कंपन वस्तू कडक करते. दाबाबरोबर रेंगाळणारे कंपन तिला मऊ करते. एकच मोटर दोन्ही कामे करते आणि वेळ चुकली की एक काम दुसऱ्यावर पाणी फिरवते.

मऊपणाच्या बाजूने सेन्सचा ट्रिगर सरस ठरतो. तो किती आत गेला हे उपकरणाला सतत कळत असते, त्यामुळे त्याच्या प्रवासाबरोबर कंपनाचे कण पेरता येतात आणि त्याच वेळी विरोधही वाढवता येतो. धनुष्याची दोरी ताणताना तर्जनीला जाणवणारा चढता ताण हा या संपूर्ण उपकरणातला सर्वांत अस्सल स्पर्श आहे, कारण तिथे आभासाला खऱ्या जोराची जोड मिळते. मर्यादाही तिथेच आहे, कारण हा जोर फक्त तर्जनीला मिळतो. बोटे कंट्रोलरला टेकली आहेत की नाही हे त्याला ओळखता येते, पण ती किती जोराने आवळली आहेत हे नाही. म्हणून मुठीत चेंडू दाबण्याचा अनुभव अर्धवटच राहतो.

हाताला खरोखर थांबवणारी उपकरणे वेगळ्या घराण्यातली. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रसंस्थेत १९९०च्या दशकात थॉमस मॅसी आणि केनेथ सॅलिस्बरी यांनी घडवलेले फँटम हे त्यांतले अग्रणी. टेबलावर बसवलेला त्याचा यांत्रिक हात सेकंदाला सुमारे १००० वेळा जोराचा हिशेब करून बोटाला अडवतो. पण तिथेही भिंत हवी तितकी कडक करता येत नाही. एका मर्यादेपलीकडे यंत्र स्वतःच थरथरू लागते आणि ती थरथर भिंतीचा घट्टपणा घालवते. आघाताच्या क्षणी जोडायच्या लहरींचे संशोधन मुळात अशाच यंत्रांची ही उणीव भरून काढण्यासाठी झाले, आणि त्याचा फायदा आज हातात मावणाऱ्या कंट्रोलरला मिळतो आहे.

खरेदीचा विचार करणाऱ्यांनी एक बाब आधीच पक्की करून घ्यावी. ऑगस्ट २०२४मध्ये सोनीने व्हीआर२ पीसीला जोडण्यासाठी अ‍ॅडॉप्टर आणला, पण त्या जोडणीत ट्रिगरचा विरोध आणि कंट्रोलरची सूक्ष्म कंपने मिळत नाहीत, उरते ती साधी थरथर, हे सोनीने तेव्हाच जाहीर केले होते. धातू, लाकूड आणि रबर यांच्यातला ज्या भेदासाठी मी या कंट्रोलरला चांगले गुण देतो, तो तिथे जवळजवळ मावळतो. सोनीच्या प्लेस्टेशन ५ या गेम कन्सोलवर वापरणार असाल तर, स्पर्शाच्या निकषावर, मी ही जोडी निःशंकपणे सुचवेन; केवळ पीसीसाठी घेत असाल तर पडदा पसंत पडला म्हणून जरूर घ्या, हाताच्या अनुभवासाठी घेऊ नका.